पत्र्याचं हृदय आणि तांबट आळी

महोदय,

मेक्सिकोत, विशेषतः वाहाका भागात, पातळ पत्रा कापून, ठोकून, रंगवून हृदयं, सूर्य, तारे करतात. तिथे त्याला ‘ओहालाता’ म्हणतात. दिवाळीच्या सुट्टीत नातवंडांबरोबर तेच करून पाहिलं. आधी तेलाचा डबा कापला. कात्रीची धार गेली, वर माझा अंगठा कापला. मग बोहरी आळीतून अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा आणला. वर्तमानपत्राच्या जाड घडीवर (तुमच्याच, माफ करा!) ठेवून संपलेल्या बॉलपेननं रेघ दाबली की मागे नक्षी उठते. धाकटीचं हृदय थेट हापूस झालंय. आकाशकंदिलाखाली तेच टांगलं.

तांबट आळी आमच्यापासून चार पावलांवर. ठोके रोज ऐकू येतात, पण तांब्याच्या भांड्यांवर ठोके मारून करतात ते मठारकाम मुलांनी कधी जवळून पाहिलेलं नाही. शाळांनी एखादी सहल तिथे न्यावी की!

— एक आजोबा, कसबा पेठ, पुणे