डोंगरात पडल्यावर हाक मारायला परवाना लागतो का, मंत्रिमहोदय?

प्रति,
मा. केंद्रीय दळणवळण मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय : दुर्गम भागात भटकंती करताना आणीबाणीचा लोकेटर बीकन (उपग्रहामार्फत संकटाचा संकेत देणारं छोटं यंत्र) जवळ बाळगू देणेबाबत.

महोदय,
स.न.वि.वि.

आपलं शिंदे घराणं मूळचं सातारा जिल्ह्यातल्या कण्हेरखेडचं, म्हणून हे पत्र मराठीत लिहितो आहे. आधीचा अर्ज मी इंग्रजीत केला होता, एका सरकारी कार्यालयाकडे. परवा त्याचं उत्तर आलं. आपला अर्ज पुढील कार्यवाहीसाठी संबंधित विभागाकडे वर्ग करण्यात आला आहे, एवढंच. कुठला विभाग, कसली कार्यवाही, काही नाही. पत्र संगणकाने काढलेलं असल्यामुळे सहीची गरज नाही, हा खुलासा तेवढा ठळक अक्षरांत आहे. तेव्हा म्हटलं, आता चारचौघांदेखतच लिहावं.

माझा संगमनेरात छोटा छापखाना आहे. तरुणपणापासून डोंगर हिंडतो. पावसाळा सरता सरता आम्ही चौघं माळशेज उतरून बेलपाड्याला गेलो आणि नळीच्या वाटेने, म्हणजे कड्यांमधल्या अरुंद घळीतून, हरिश्चंद्रगडाकडे निघालो. निम्म्या नळीत एक धोंडा पायाखालून सुटला आणि डाव्या नडगीवर आला. हाड आत मोडल्याचा आवाज मलाच ऐकू आला. चौघांकडे मिळून तीन कंपन्यांची सिमकार्डं होती आणि एकालाही काडी नव्हती. सरकारने दिलेला ११२ हा नंबर फार चांगला आहे, पण तो लागायला कुठला तरी टॉवर लागतो. शेवटी एक जण उलटा उतरला, बेलपाड्यात एकाची मोटारसायकल मागितली आणि हायवेच्या बाजूला जात जात, फोन वर धरून, रेंज शोधत राहिला. मी पडलो दुपारी. बचाव पथकाची पोरं दोर आणि स्ट्रेचर घेऊन पोचली तेव्हा अंधार पडून बराच वेळ झाला होता, आणि मला गाडीत घातलं तेव्हा उजाडत होतं. ही पोरं कुणाच्या पगारावर नाहीत. कुणी बँकेत आहे, कुणाचं गॅरेज आहे. स्वतःच्या पेट्रोलने येतात आणि सकाळी कामावर जातात. सह्याद्रीतली आपत्ती व्यवस्था ती हीच.

पायात प्लेट आहे. मशीनवर उभं राहवत नाही, दिवाळीची सगळी कामं दुसऱ्याकडे गेली, लग्नसराईच्या पत्रिकाही जातील असं दिसतंय. विमा कंपनीने 'साहसी क्रीडाप्रकार' असं लिहून दावा फेटाळला. (हप्ता घेताना मात्र मी कुठे कुठे चालतो हे कुणी विचारलं नव्हतं.) रात्री कूस बदलता येत नाही आणि बायको काही बोलत नाही, ते बोलण्यापेक्षा वाईट आहे.

हे सगळं आपल्याला सांगायचं कारण पुढे आहे. माझी भाची न्यूझीलंडमध्ये असते. तिकडे डोंगरात जाणारा माणूस दुकानातून बीकन भाड्याने नेतो, आपल्याकडे तंबू आणि स्लीपिंग बॅग नेतात तसा. माझं ऐकल्यावर तिने एक विकत घेतला, स्वतःच्या नावावर नोंदवला आणि दिवाळीला येताना घेऊन आली. मुठीत मावेल एवढं पिवळं यंत्र. विमानतळावर अधिकाऱ्याने पट्टीसारखी दुमडलेली अँटेना उलगडली आणि म्हणाला, "सॅटेलाइट फोन." ती म्हणाली, याला ना कानाला लावायचं भोक आहे, ना बोलायचं, ना आकड्यांची बटणं, फोन कसा असेल? तो म्हणाला, सॅटेलाइटला लागतो ना, मग झालं. यंत्र ठेवून घेतलं, पावती दिली, आणि पोरीला अर्धी रात्र बाकावर बसवून ठेवलं.

आता मंत्रिमहोदय, सॅटेलाइट फोन कोणता आणि बीकन कोणता, हे तुमच्या खात्यातल्या तंत्रज्ञांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. तरी सांगतो, कारण विमानतळावर ते ठाऊक नाही. वैयक्तिक लोकेटर बीकन ४०६ मेगाहर्ट्झवर एकच गोष्ट करतो: मी अमुक नोंदणीचा बीकन, मी इथे आहे, मी संकटात आहे. पुन्हा पुन्हा तेच, निदान चोवीस तास. त्याच्यावर ना बोलता येतं ना कुणाचं ऐकता येतं. नळीत आभाळाची पट्टी अरुंद दिसते हे खरं, पण उपग्रह डोक्यावरून जात राहतात आणि यंत्र हाक मारत राहतं. ही हाक ऐकणारी कोस्पास-सारसॅट ही उपग्रह व्यवस्था अमेरिका, कॅनडा, फ्रान्स आणि तेव्हाचा सोव्हिएत संघ यांनी उभी केली. शीतयुद्ध ऐन भरात असताना, हे लक्षात घ्या. एकमेकांवर अणुबॉम्ब रोखून बसलेल्या देशांना बुडत्या माणसाची हाक एकत्र ऐकावीशी वाटली. १९८२ पासून पन्नास की साठ हजार माणसं वाचली म्हणतात. पाहिजे तर त्यातले निम्मे कमी करा.

आणि भारत त्यात बाहेरचा नाही. आपलं नियंत्रण केंद्र बंगळूरला इस्रोच्या आवारात आहे. आपले इन्सॅट-३डीआर आणि ३डीएस हे उपग्रह हवामानाची चित्रं काढतात आणि सोबत हीच ४०६ची हाकही ऐकतात. विमानात असाच बीकन असतो, त्याला ईएलटी म्हणतात, जहाजावर असतो त्याला ईपीआयआरबी, ते कायदेशीर. इस्रोने मच्छीमारांसाठी २०१० पासून संकट-संदेशाचं यंत्र दिलं, वीस हजारांवर बोटींवर ते आहे, आणि २०२४च्या जानेवारीत त्याची नवी पिढी आली. तिच्यात 'संदेश पोचला, मदत निघाली' असं उलट उत्तरही खलाशाला मिळतं. छान आहे. मनापासून म्हणतो. म्हणजे समुद्रात हाक मारली तर इस्रो, आणि डोंगरात मारली तर कस्टम.

मला कुणी म्हणतं, २६/११ विसरलात का? नाही विसरलो. त्या हल्लेखोरांकडे सॅटेलाइट फोन होता, आणि त्यानंतर सरकारने थुराया आणि इरिडियम या कंपन्यांच्या सॅटेलाइट फोनांवर जी कडक नजर ठेवली तिच्याशी माझं भांडण नाही. दोन्ही बाजूंनी संदेश पाठवणाऱ्या इनरीचसारख्या यंत्रांबद्दल तुम्हाला शंका असेल, तर त्याचीही चर्चा करू. परवाना द्या, नोंद ठेवा, ओळखपत्र घ्या, काय हवं ते करा. पण बीकन? जो दहशतवादी स्वतःचे अक्षांश-रेखांश दर मिनिटाला बंगळूरला कळवत हिंडतो, त्याला पकडायला गुप्तचर खात्याची गरजच पडणार नाही.

त्यात कायदा म्हणाल तर १८८५चा तार कायदा आणि १९३३चा बिनतारी कायदा. तार स्वतः २०१३च्या जुलैमध्ये बंद झाली, शेवटच्या दिवशी लोकांनी हौसेने तारा पाठवल्या. तारेचा कायदा मात्र पुढे अकरा-बारा वर्षं ठणठणीत. २०२३ साली नवा दूरसंचार कायदा झाला तेव्हा वाटलं, आता कुणीतरी डोंगरातल्या माणसाचा विचार करील. झालं काय? डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या दाबोळी विमानतळावर कॅनडाच्या एका धावपटू बाईंना इनरीच यंत्रापायी अडवलं, आणि पुढच्याच महिन्यात विमान कंपन्यांना सांगण्यात आलं की प्रवाशांना बजावा, भारतात सॅटेलाइट फोन आणू नका. बजावायला आपण तत्पर. काय आणलेलं चालेल, ते सामान्य माणसाला वाचता येईल अशा भाषेत एका पानावर लिहून विमानतळावर लावा म्हटलं, तर विभाग सापडत नाही.

दुसरीकडे जून २०२५ मध्ये स्टारलिंकला परवाना मिळाला. बंगल्याच्या गच्चीवर थाळी बसवून उपग्रहातून मालिका बघता येणार, त्याने देशाला धोका नाही. नळीत पडलेल्या छापखानेवाल्याने एक बटण दाबलं की धोका.

आणि टॉवरचं तरी काय झालं? जुलै २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने ठरवलं, चोवीस-पंचवीस हजार वंचित गावांत ४जी नेणार, सव्वीस हजार कोटी. वर्तमानपत्रात पहिल्या पानावर होतं, मीच कापून ठेवलंय. घाटाखालच्या एका वाडीत टॉवर उभाही राहिलेला मी पाहिला. कुणाचा ते लिहीत नाही. वीज गेली की तो फक्त बगळे बसण्यापुरता राहतो, आणि पावसाळ्यात वीज जातेच. एका लोकप्रतिनिधीने त्याच्यापुढे नारळ फोडला होता, तेव्हा पेढे मी पण खाल्ले.

मला सांगा, हा नुसता ट्रेकरचा हट्ट आहे का? ३० जुलै २०१४ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव डोंगराखाली गेलं. दीडशेच्या आसपास माणसं. जगाला ते कळलं कसं? एसटीचा ड्रायव्हर सकाळी गाडी घेऊन आला आणि त्याला गाव दिसेना. इर्शाळवाडी १९ जुलै २०२३च्या रात्री गेली, गाडीरस्ता नसलेली वाडी. सत्तावीस मृतदेह मिळाले आणि सत्तावन्न माणसांचा शोध थांबवावा लागला. जून २०२४ला उत्तराखंडात सहस्रतालच्या वाटेवर कर्नाटकातून गेलेल्या गटातले नऊ जण वादळात गारठून गेले, बाकीच्यांपैकी बहुतेकांना हेलिकॉप्टरने उतरवलं ते दुसऱ्या दिवशी. बीकनने हे सगळे वाचले असते असं मी म्हणणार नाही. पण बहुतेक वेळा मदतीच्या आधी कुणाला तरी चालत, धावत, गाडीने जाऊन सांगावं लागतं, ही एकविसाव्या शतकातली गोष्ट आहे का, आणि ती ज्या देशाने चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ यान उतरवलं त्याच देशातली?

आपल्या व्यवस्थेचा उपाय ठरलेला असतो: बंदी. पावसाळा आला की कलेक्टरचा आदेश, अमुक धबधबा बंद, तमुक किल्ला बंद. पूर्वी कलम १४४ असायचं, आता १६३ झालंय. प्रगती म्हणतात ती हीच. पाय मोडला तर विचारणार, कशाला गेला होतात? अहो, नाक्यावर पावती फाडून गेलो होतो, तुमच्याच. पैसे घेताना मी पर्यटक, पडल्यावर बेजबाबदार, आणि यंत्र आणलं तर संशयित. गावातल्या वाटाड्याला विचारा, त्याच्या बाळंतीण सुनेला रात्री झोळीत घालून उतरवताना त्याने कुठला साहसी क्रीडाप्रकार केला.

मागणं मोठं नाही. ४०६ मेगाहर्ट्झचा, नुसता संकेत देणारा बीकन हा सॅटेलाइट फोन नाही, हे एका परिपत्रकात लिहा आणि ते कस्टमच्या प्रत्येक टेबलावर पोचवा. ओळखपत्र दाखवून बंगळूरला नोंद केली की कुणालाही तो घेता यावा. मच्छीमारांचं जे यंत्र आहे, ते घाटमाथ्याच्या आणि तळाच्या वाड्यांतल्या पोलीस पाटलाकडे एकेक ठेवा; इस्रोला वेगळा शोध लावायचा नाही. आणि बचाव पथकांना चारदोन बीकन द्या, ती गडाखालच्या गावातून भाड्याने देतील. त्या भाड्यात त्यांचं पेट्रोल तरी सुटेल. सरकारने गेल्या कित्येक वर्षांत तेही दिलेलं नाही, शाल-श्रीफळ मात्र दर २६ जानेवारीला.

कळावे,
संगमनेरचा एक छापखानेवाला

ता.क. भाचीचा बीकन अजून विमानतळावरच्या कपाटात आहे. त्याची नोंद न्यूझीलंडची आहे, म्हणून एक सूचना करून ठेवतो. कुणी साफसफाई करताना त्याचं झाकण उघडून कळ दाबली, तर आधी ठिकाण बंगळूरला कळेल, मग न्यूझीलंडच्या बचाव केंद्रातून माझ्या बहिणीला फोन जाईल की तुमची मुलगी संकटात आहे का. बहिणीला मी सांगून ठेवलंय: म्हणावं, मुलगी बरी आहे, यंत्र अटकेत आहे.