क्रेट माघारी पाठवणाऱ्या अण्णांना

अण्णा, सप्रेम नमस्कार.

बेदाण्याचे सगळे बॉक्स विकले गेले, विक्रीच्या हिशोबाची पट्टी हातात पडली, आणि मग हे पत्र लिहायला घेतलं. उशीर झाला खरा. पण मागच्या हंगामात ज्यांचे आभार आम्ही आधीच मानून मोकळे झालो होतो, त्यांनी पट्टीच्या दिवशी फोनही उचलला नाही. म्हणून यंदा जरा दमानं घेतलं.

तासगाव तालुक्यात बेदाण्याच्या शेडला तोटा नाही. रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंना हिरव्या जाळीची रांगच दिसते. हंगाम तापला की यातल्या बऱ्याच शेडवर एकच वाक्य ऐकू येतं, ‘आणा माल, वाळवून देतो.’ माल कसला, किती गोडीचा, कुणी विचारत नाही. रॅक भरला की भाडं सुरू.

तुमच्या शेडवर मात्र तुम्ही आधी नमुन्याचा क्रेट मागितलात. घडाच्या शेंड्याचा मणी तोडलात, रसाची गोडी मोजायच्या ब्रिक्समीटरच्या काचेवर पिळलात, उजेडाकडे धरून डोळा लावलात. 18 ब्रिक्स, म्हणजे रसात शंभराला साधारण अठरा भाग गोडी. मग खांद्याकडचा मणी. 20. क्रेट उचलून परत मोटारसायकलवर ठेवलात आणि म्हणालात, “कच्चा हाय. पाणी कमी करा, धा दिवस थांबा. द्राक्ष कुठं पळून जात न्हाई.” एवढ्यावर थांबला असता तरी पुष्कळ होतं. पण तुम्ही तो ब्रिक्समीटर पुसला, डबीत घातला आणि डबीच आमच्या हातात दिलीत.

ऐन हंगामात दहा दिवस रॅक रिकामे ठेवणं म्हणजे काय, हे शेडवाल्यालाच कळेल. आणि ज्या यंत्रावर स्वतःचा धंदा चालतो ते दुसऱ्याच्या खिशात जाऊ देणं तर त्याहून पुढचं. आमच्या लेखी साऱ्या हंगामाची कमाई त्या डबीत होती.

हिशोब साधा आहे, पण तो आम्हाला कुणी मांडून दाखवला नव्हता. 18 ब्रिक्सच्या टनभर द्राक्षात सुका ऐवज 180 किलोच्या घरात, 23 ला 230. बेदाण्यात 15 टक्के ओल राहते असं धरलं तर पहिल्या टनातून 210 किलोच्या आसपास बेदाणा निघतो, दुसऱ्यातून 270. देठ, गळ, खराबा वजा जातो तो वेगळाच. शिवाय कच्च्या मालाचा बेदाणा चपटा पडतो, सुरकुत्या खोल जातात, गर लागत नाही. मजुरी, घड बुडवायचं डिपिंग ऑइल, भाडं मात्र दोन्हीला तेवढंच. आणि मोजायचं ते शेंड्याच्या मण्यावरून, हेही तुमच्याकडूनच कळलं. खांद्याचा मणी आधी गोड होतो आणि माणसाला फसवतो. बागेच्या चारी कोपऱ्यांतले आणि मधले मणी घेऊन एकत्र रस काढायचा, त्याआधी स्वच्छ पाण्याचा थेंब टाकून रेघ शून्यावर आहे का बघायचं.

वाळवण्याआधी घड द्रावणात बुडवायचे, त्या डिपिंगचंही तसंच. दुकानात ऑइलच्या कॅनबरोबर सल्ला मिळाला होता तो असा, ‘बॅरलला अंदाजानं टाका.’ अंदाजानं! तुमच्या टाकीजवळच्या पत्र्यावर खडूनं लिहिलेलं असतं: 100 लिटर पाण्याला अडीच किलो पोटॅशियम कार्बोनेट, दीड लिटर डिपिंग ऑइल, बुडवण 2 ते 4 मिनिटं. आधी पावडर पूर्ण विरघळवायची, मग ऑइल बारीक धारेनं सोडत ढवळत राहायचं. क्रम उलटा झाला की ऑइल वर तरंगतं; वरच्या घडांना जास्त लागतं, खालचे कोरडेच राहतात. बोअरच्या जड पाण्यात पांढरी भुकटी तळाला बसते, म्हणजे पावडरचा काही भाग तिथंच वाया गेला. घड जास्त वेळ बुडला तर साल तडकते, रस पाझरतो आणि बेदाणा चिकट, काळपट होतो. या द्रावणानं मण्यावरचा मेणाचा थर मोकळा होतो आणि आतल्या पाण्याला वाट मिळते. म्हणून महिनाभराचं काम बारा-पंधरा दिवसांत उरकतं. घड बुडवत जाल तसा द्रावणाचा जोर कमी होतो, तरी एकाच टाकीवर दिवस काढणारे आहेतच.

आणि पडदे. मार्चमध्ये आभाळ भरलं की शेडचे पडदे सगळेच खाली सोडतात. पाऊस थांबल्यावर ते वर करायला मात्र रात्री कुणी उठत नाही. आत कोंडलेल्या दमटपणात माल घामेजतो, दोन दिवसांत बुरशीचा वास येतो आणि हिरवा बेदाणा तपकिरी पडतो. पडदा सोडणं सोपं असतं, अण्णा; रात्री दोनला बॅटरी घेऊन तो उचलायला तुम्ही येता.

सौद्याबद्दल, म्हणजे बाजारातल्या लिलावाबद्दल, फार लिहीत नाही. मूठभर बेदाणा उचलून बघायचा आणि तसाच खाली टाकायचा, ही तिथली रीत सगळ्यांना ठाऊक आहे. टाकणाऱ्याला त्या मुठीमागची छाटणी दिसत नाही.

सांगलीच्या बेदाण्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. याच तालुक्यातल्या वसंतराव आर्वे यांनी थॉम्पसन या बिनबियांच्या द्राक्षाच्या बागेतला एक वेगळा वाण हेरला, तो तास-ए-गणेश म्हणून गावोगाव गेला. म्हैसाळ, ताकारी या उपसा सिंचन योजनांचं पाणी आलं तशा कुसळांच्या माळावर बागा उभ्या राहिल्या. ही सगळी मोठी कामं, आणि त्यांचे फलक चौकाचौकांत लागतातही. पण आलेल्या पाण्याचं नि वाणाचं शेवटी पैशात रूपांतर होतं ते शेडच्या फाटकावर, आणि तिथं उभा असलेला माणूस ‘आणा माल’ म्हणतो की ‘थांबा’, यावर बरंच काही ठरतं. गोड बोलून घेणारे खूप भेटले. स्वतःचं भाडं बुडवून समोरच्याला खरं सांगणारा माणूस गावात एक असला, तरी त्याच्या शेजारचे दोघं जरा जपून बोलायला लागतात. तुमच्या शेजारच्या शेडवाल्यानं परवा नवा ब्रिक्समीटर आणला, हे तुमच्या कानावर आलं असेलच.

तुमचा ब्रिक्समीटर या पत्राबरोबर पाठवतोय. डबीचं बिजागर आधीपासूनच सैल होतं. काचेच्या झाकणावर एक बारीक ओरखडा आलाय, तो मात्र आमच्या हातून झाला, त्याबद्दल माफी असावी. शून्य बरोबर दाखवतो, पाण्यावर दोनदा तपासलाय.

आपले,
वरच्या वस्तीवरचे बागायतदार