'नवोदित' म्हणजे नेमकं कोण?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

विज्ञानाच्या इतिहासातील नवोदित संशोधकांसाठीच्या फेलोशिपवरचा कालचा लेख वाचला. 'सुवर्णसंधी' वगैरे ठीक आहे. पण पीएच.डी.ला पाच वर्षांहून जास्त काळ झालेला नसावा, या अटीवर लेखकमहाशयांनी अर्धं वाक्यही खर्च केलेलं नाही. सगळी मेख तिथेच आहे.

माझी पीएच.डी. भौतिकशास्त्रातली. पुढे नऊ वर्षं प्रयोगशाळेत गेली आणि मग जुन्या प्रयोगवह्या वाचायचा नाद लागला. अशाच एका फेलोशिपच्या जाहिरातीत 'साधारणपणे पाच वर्षे' असं होतं. त्या 'साधारणपणे'वर विसंबून अर्ज केला. मुलाखतीला बोलावणंही आलं. समितीतल्या एका गृहस्थांनी माझे कागद चाळले आणि म्हणाले, "तुमचं करिअर सुरू होऊन बराच काळ झाला की, मॅडम." मी म्हटलं, भौतिकशास्त्रातलं झालं, इतिहासातलं आत्ता कुठे सुरू होतंय. त्यावर शेजारचे म्हणाले, "मग इतिहासाची पदवी कुठाय?" म्हणजे एकाच्या लेखी मी म्हातारी, दुसऱ्याच्या लेखी अजून जन्मायचीच आहे! दोघांचं एकमत झालं ते मला नकार देण्यावर.

अहो, या विषयात माणसं आडवाटेनंच येतात. विज्ञानाच्या इतिहासातलं एवढं मोठं नाव थॉमस कून, पण त्यांची हार्वर्डची पीएच.डी. १९४९ सालची, तीही भौतिकशास्त्रातली. इतिहासाची पदवी त्यांच्याकडेही नव्हती. तिथल्याच सोसायटी ऑफ फेलोज या तरुण संशोधकांना फेलोशिप देणाऱ्या संस्थेनं तीन वर्षं दिली, म्हणून त्यांना इकडे वळायला सवड मिळाली. गॅलिलिओचे नावाजलेले अभ्यासक स्टिलमन ड्रेक तर आधी वित्तक्षेत्रातले सल्लागार. टोरांटो विद्यापीठानं १९६७ साली त्यांना प्राध्यापक केलं, तेव्हा पन्नाशी कधीच उलटली होती. गॅलिलिओच्या फ्लॉरेन्समधल्या कागदांतलं ११६ क्रमांकाचं पान त्यानंतर याच माणसानं उजेडात आणलं. उतारावरून येऊन टेबलाच्या कडेवरून खाली पडणाऱ्या गोळीची मोजमापं, खुद्द गॅलिलिओच्या हातची! नुसते आकडे आणि आकृत्या म्हणून आधीच्या संपादकांनी ते पान समग्र आवृत्तीत घेतलंच नव्हतं. आजच्या नियमानं ड्रेक यांचा अर्ज पहिल्याच छाननीत बाद.

जाता जाता आणखी एक. लेखासोबतच्या चित्राखाली 'पिसाच्या मनोऱ्यावरून गोळे टाकताना गॅलिलिओ' असं बिनदिक्कत छापलं आहे. ही गोष्ट त्याचा शिष्य विव्हियानी यानं गुरू गेल्यावर बारा वर्षांनी, १६५४ साली लिहिली आणि ती छापून आली १७१७ मध्ये. निदान विज्ञानाच्या इतिहासावरच्या लेखाला तरी हे चित्र नको होतं.

आणि हो, अर्जाची शेवटची तारीख छापायची राहिली आहे. मला तिचा उपयोग नाही, पण पाच वर्षांच्या आतल्यांना होईल.

आपली,
एक जुनी वाचक