सूचना : आपत्तीग्रस्तांना मदत करणाऱ्या सभासदांसाठी

सभासदहो, वस्तू गोळा करायला घेण्याआधी हे वाचावे.

शक्य असेल तर पैसेच द्या. पैशांना ट्रक लागत नाही, गोदाम लागत नाही आणि गरज बदलली की खर्चही बदलता येतो. खाते संस्थेच्या नावावर आहे ना, हे तिच्या अधिकृत संकेतस्थळावर पडताळा. फिरत आलेल्या क्यूआर कोडवर विसंबू नका. पावती घ्या.

वस्तू द्यायच्याच असतील तर आपत्तीच्या ठिकाणाहून आलेली यादी पाहूनच. एका खोक्यात एकाच प्रकारची वस्तू. बाहेर दोन बाजूंना नाव, माप, नग लिहा. सरमिसळ खोकी उघडून निवडण्यात तिथली माणसे अडकतात आणि जुन्या कपड्यांचे ढीग शेवटी पावसात कुजतात. (फाटके, मळके कपडे म्हणजे मदत नव्हे, आपल्या कपाटाची सफाई!) औषधे परस्पर पाठवू नका. तिथे पोहोचताना मुदत किमान १ वर्ष शिल्लक हवी, असा जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक आहे. घरातली उरलेली पाकिटे त्यात बसत नाहीत.

बोलावणे आल्याशिवाय स्वयंसेवकांनी निघू नये. धनुर्वाताची लस, गमबूट, जाड हातमोजे, स्वतःचे पाणी व जेवण हवेच. पूर ओसरलेल्या घरात मुख्य वीजपुरवठा बंद असल्याची खात्री झाल्यावरच पाऊल टाका. ब्लीचिंग पावडर आणि अ‍ॅसिड कधीही एकत्र करू नका, विषारी क्लोरीन वायू तयार होतो.

पहिल्या आठवड्यात गर्दी असते, महिन्याभराने कोणी नसते. सुट्टी तेव्हासाठी राखून ठेवता आली तर नाव नोंदवताना तसे लिहा.