ओपीडीच्या दारावरच्या मावशींना

मावशी,

मी तुम्हाला आठवणार नाही. नोव्हेंबरमधल्या एका मंगळवारी मानसोपचाराच्या ओपीडीबाहेर, बाकाच्या पार टोकाला, ओढणीनं अर्धं तोंड झाकून बसले होते. नाव सांगत नाही. नावाचीच तर गोष्ट आहे.

त्याआधी दोन महिने झोप नव्हती. दोन विषय राहिलेले, म्हणजे केट्या दोन लागलेल्या, घरी सांगितलेली एकच. दादरला गाडीत चढायच्या वेळी छातीत इतकं धडधडायचं की तीन-तीन लोकल सोडायचे. फॅमिली डॉक्टरांनी ईसीजी काढला, नॉर्मल आला, ॲसिडिटीची गोळी दिली. कॉलेजात सरांकडे गेले तर म्हणाले, "टेन्शन कुणाला नसतं? आमच्या वेळी असली थेरं नव्हती." शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे निदान एक प्रशिक्षित समुपदेशक हवाच, असं सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये सांगितलं. आमच्याकडे 'समुपदेशन कक्ष' अशी पाटी तेवढी लागली. खिडकीतून डोकावलं तर आत कॅरम बोर्ड आणि उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. दाराला कुलूप, तेही पाटीसारखंच नवंकोरं.

शेवटी एका रात्री दोन वाजता हॉस्टेलच्या जिन्यात बसून १४४१६ लावला. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर, पैसे पडत नाहीत, रात्रीही लागतो, मराठीत बोलतात. तिकडच्या ताई म्हणाल्या, जवळच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात जा. म्हणून तुमच्या दारात आले.

आतून केसपेपर यायचा आणि तुम्ही खणखणीत आवाजात नाव पुकारायचात, आडनावासकट. पलीकडे औषधांच्या रांगेत माझ्या वर्गातला एक मुलगा आजोबांना धरून उभा होता. त्याला बघितलं आणि मी बॅग खांद्याला लावली. निघालेच होते. एवढ्यात तुम्ही दार सोडून बाकापर्यंत आलात, खाली वाकलात आणि हळूच म्हणालात, "तुझाच ना गं हा? चल बाळा." बाकावर विशीतली मी एकटीच, त्यावरून ओळखलं असणार. केसपेपरची घडी घालून हातात दिलीत, विभागाचा शिक्का आतल्या बाजूला जाईल अशी.

ती घडी अजून तशीच आहे. पेपर आता तिथूनच फाटायला आलाय.

मावशी, तुमचं काम नाव पुकारायचं. रांग लांबलेली, वरून लोक खेकसत होते. एक नाव न पुकारल्याबद्दल तुम्हाला कोण शाबासकी देणार होतं? लेडीज डब्यात एखादी रडत असली की काही न विचारता तिला खिडकी सोडणाऱ्या बायका मी पाहिल्यात. तुम्ही त्यांच्यातल्या. आमच्या त्या सरांची पीएचडी आहे, बरं का.

पुढचं सांगण्यासारखं फार नाही. गोळीचा गुण यायला तीनेक आठवडे लागले, मधे एकदा बंद करून पाहण्याचा शहाणपणाही केला, डॉक्टरांची बोलणी खाल्ली. आईला दुसऱ्या केटीचं सांगितलं. ती आधी चिडली, मग रात्री पुन्हा फोन करून जेवलीस का म्हणून विचारलं. लोकल आता एखादीच सुटते.

गेल्या दोन्ही खेपांना दारावर दुसरंच कुणी होतं, म्हणून हे लिहिते आहे. येत्या मंगळवारी पुन्हा तारीख आहे. तुमची ड्युटी तिथे असली तर माझं नाव मोठ्यानं घ्या, आडनावासकट.