काय-स्क्वेअरमधलं 'काय' समजावणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार. फोनवर तुम्ही आभार मानू देत नाही, "पुरे रे" म्हणून विषय बदलता. म्हणून हे उघड पत्र.

मी मानसशास्त्राचा माणूस. संख्याशास्त्राचा पेपर घ्यायला कुणी नाही म्हणून तो माझ्या गळ्यात पडला. पहिल्या वर्षी काय-स्क्वेअरचं, म्हणजे दोन गोष्टींत संबंध आहे का हे मोजदादीवरून तपासणाऱ्या चाचणीचं, सूत्र फळ्यावर लिहिलं, तर मागच्या बाकावरून "काय? स्क्वेअर?" असा आवाज आला. वर्ग हसला, मीही हसलो. त्या 'काय'चं उत्तर माझ्याकडेही नव्हतं.

यंदा मुलांनी स्वतःच सर्वेक्षण केलं: एसटीने गावाहून येणारी मुलं आणि इथेच राहणारी मुलं, यांच्यात सकाळी खाऊन येण्याबाबत फरक आहे का? पोरांनी हौसेने टक्के काढले आणि टक्केच सूत्रात घातले. मला काहीच खटकलं नाही. तक्ता तुम्हाला पाठवला, तर रात्री साडेदहाला फोन: "अरे, टक्के घातलेस तर चाळीस जणांना विचारलं काय नि चार हजारांना विचारलं काय, उत्तर तेच येणार. माणसं मोज!" शिवाय 'काय खाता?' या प्रश्नाला काहींनी पोहे आणि चहा-बिस्किट दोन्हींवर खूण केली होती. एकच माणूस तक्त्याच्या दोन खोक्यांत बसला की चाचणी कोलमडते, म्हणून तो प्रश्न तुम्ही काढायलाच लावलात. पोह्यांचं काय झालं ते शेवटी कळलंच नाही.

मग शनिवारी तुम्ही स्वतः वर्गावर आलात. सूत्र नाहीच. डॉल आणि हिल या ब्रिटिश संशोधकांनी लंडनच्या इस्पितळांत रुग्णांना प्रश्न विचारून केलेला, 1950 साली छापलेला अभ्यास घेतलात. फुफ्फुसाचा कर्करोग झालेल्या 60 बायका, त्यांत धूम्रपान करणाऱ्या 41. दुसरा आजार असलेल्या 60, त्यांत 28. "संबंध नसता तर किती दिसल्या असत्या?" धूम्रपान करणाऱ्या एकूण 69, दोन सारखे गट, म्हणजे साडेचौतीस. "साडेचौतीस बायका कशा असतील, मॅडम?" या प्रश्नावर तुम्ही रागावला नाहीत. अपेक्षित आकडा हा माणसांचा नसतो, तुलनेसाठी धरलेला असतो, हे तिथेच सगळ्यांना कळलं. दिसलेल्या आणि अपेक्षित आकड्यांतल्या फरकांवरून उत्तर आलं 5.76. डॉल-हिल यांनी छापलेलंही तेच! पाच टक्के पातळीची सीमा 3.84; संबंध नसताना निव्वळ योगायोगाने याच्या वरचं उत्तर शंभरात पाचेक वेळाच येतं.

डिग्री ऑफ फ्रीडम, म्हणजे बेरजा ठरल्यावर मोकळेपणी भरता येणारी खोकी, इथे एकच का, हे मला आजवर पाठ होतं, समजलं नव्हतं. तुम्ही बेरजा तशाच ठेवून तीन खोकी पुसलीत आणि म्हणालात, "भरा." एका आकड्यावरून तिन्ही भरली. वर, 1900 साली ही चाचणी मांडणाऱ्या कार्ल पिअर्सनचंही इथेच चुकलं आणि 1922 मध्ये फिशर या संख्याशास्त्रज्ञाने ते दुरुस्त केलं, हे सांगितलंत. माझा जीव भांड्यात पडला.

मग मुलांनी माणसं मोजून आपला तक्ता पुन्हा मांडला. उत्तर 3.84 च्या खालीच राहिलं आणि चेहरे पडले. पूर्वी मीही "फसलं" म्हणून सोडून दिलं असतं. एकीने अहवालात 'संबंध नाही' असं लिहिलं होतं. ते मी लाल पेनाने खोडून वर लिहिलं: 'संबंध आहे असं म्हणण्याइतका पुरावा मिळाला नाही'. तिने विचारलं, "सर, दोन्हीत फरक काय?" अर्धा तास त्यातच गेला. तास संपल्याची घंटा कुणालाच ऐकू आली नाही.

आपला,
गळ्यात पेपर पडलेला