वीस तारखेचा राग

महोदय,

महापे येथील एका कंपनीत मी 22 वर्षे हिशेबाचे काम करतो. गेल्या महिन्याच्या 20 तारखेला, जीएसटीचे 3बी विवरणपत्र भरण्याच्या शेवटच्या दिवशी, शेजारच्या टेबलावरच्या मुलीवर मी सगळ्यांदेखत ओरडलो. एका पुरवठादाराचे बिल तिने दोनदा चढवले होते. दुरुस्तीला दहा मिनिटेही लागली नाहीत. उशीर झाला असता, तर दिवसाला 50 रुपये विलंब शुल्क आणि थकलेल्या करावर वर्षाला 18 टक्के दराने व्याज. तेवढ्यासाठी मी तिला ‘डोकं घरी ठेवून येतेस का?’ म्हणालो. ती काही बोलली नाही. नुकताच उघडलेला डबा तिने झाकण लावून पिशवीत ठेवला.

कोपरखैरण्याहून ठाण्याच्या गाडीत उभा होतो, तरी तेच झाकण डोळ्यांपुढे.

दुसऱ्या दिवशी तिला बाजूला बोलावून माफी मागितली. ‘ठीक आहे सर,’ म्हणाली. पण अपमान चारचौघांत आणि माफी कोपऱ्यात, हे मला पटेना. सोमवारी सगळ्यांसमोर उभा राहून ‘माझं चुकलं’ म्हणालो. त्यावर आमचे साहेब म्हणाले, ‘कशाला? थोडा धाक हवाच.’ याचे मला जास्त वाईट वाटले. धाकाने चुका कमी होत नाहीत, लपवल्या जातात. हिशेबात लपलेली चूक फार महाग पडते. वरिष्ठांनी हे समजून घ्यावे, म्हणून हे पत्र.

या महिन्यापासून बिलांची जुळणी आम्ही दोघे 17 तारखेलाच करतो. डबा मात्र ती अजून दुसऱ्या टेबलावर खाते.

– एक वाचक, कळवा, ठाणे